डीप ब्लू आणि कास्पारोव्ह : एका पराजयाची रुजुवात

विसाव्या शतकातील ज्या घटना मानवी बुद्धीच्या मानहानीचे प्रसंग म्हणून पुनःपुन्हा सांगितल्या जातात, त्यांत न्यूयॉर्क शहरी ११ मे १९९७ रोजी संपलेल्या एका बुद्धिबळ-सामन्याला अग्रस्थान दिले जाते. त्या दिवशी जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह याने आयबीएम कंपनीच्या ‘डीप ब्लू’ या संगणकापुढे अवघ्या १९ खेळ्यांत हार मानली. सहा डावांचा तो सामना यंत्राने साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी जिंकला. आणि यंत्राने मनुष्याला बुद्धीच्या प्रांतात नमविले असा निवाडा जगभर दप्तरी दाखल होऊन गेला. हा निवाडा घाईचा होता असे माझे स्पष्ट मत आहे. सामन्यात कोण हरले याविषयी वाद नाही. परंतु कोण जिंकले आणि कशाच्या बळावर जिंकले, या प्रश्नाची रुजुवात करावयाची तर त्या यंत्राच्या पोटात काय चालले होते आणि पटापलीकडच्या मनुष्याच्या मनात काय चालले होते, या दोन्ही गोष्टी शांतपणे तपासल्या पाहिजेत.

यंत्राने बुद्धिबळ खेळावे ही हौस संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. व्हिएन्नाच्या दरबारी फोन केंपेलेन नामक एका अधिकाऱ्याने १७७० साली सम्राज्ञी मारिया थेरेसा हिच्यासमोर तुर्की पोशाखातील एक पुतळा आणून उभा केला, आणि तो पुतळा एका पेटीवर मांडलेल्या पटावर समोरच्या खेळाडूशी डाव खेळू लागला. पुढे १८०९ साली खुद्द नेपोलियनही त्याच्याशी खेळला. त्या पेटीत चक्रे होती, दांडे होते, आणि त्यांच्या आड दडून बसलेला एक निष्णात खेळाडूही होता. या लबाडीचे कौतुक करण्याचे कारण नाही. परंतु यंत्राने चांगली खेळी केली की आत कोणी माणूस असला पाहिजे, ही शंका तेव्हापासून मनुष्याच्या मनात जी रुजली ती पुढे सव्वादोनशे वर्षांनी एका जगज्जेत्याच्याही मनात उमटली, एवढे येथे नोंदवून ठेवतो. प्रामाणिक यंत्र पाहावयाचे तर १९१२ सालच्या स्पेनकडे वळावे लागते. तेथील अभियंता तोरेस केवेदो याने रचलेले विद्युत्-यंत्र केवळ राजा आणि हत्ती यांच्या साह्याने प्रतिपक्षाच्या एकाकी राजावर मात करीत असे. कार्य लहानसे होते, पण ते कोणाही माणसाच्या मदतीवाचून होत होते.

या विषयाला शास्त्राचे रूप दिले ते क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने. १९५० साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधात प्रथमच असे दाखवून देण्यात आले की, बुद्धिबळातील प्रश्न तत्त्वतः सोपा आणि व्यवहारतः अशक्य अशा दुहेरी स्वरूपाचा आहे. तत्त्वतः सोपा अशासाठी की पटावर ६४ घरे, मोहरी ३२, नियम ठरलेले आणि काहीही झाकलेले नाही. तेव्हा प्रत्येक खेळीनंतर होऊ शकणाऱ्या सर्व खेळ्या, त्यांची सर्व उत्तरे, त्या उत्तरांची प्रत्युत्तरे असा शेवटापर्यंत हिशेब मांडला तर पहिली खेळी कोणती करावी हेही निर्विवाद ठरविता येईल. व्यवहारतः अशक्य अशासाठी की कोणत्याही सामान्य स्थितीत सुमारे ३० खेळ्या संभवतात, म्हणजे एक खेळी आणि तिचे एक उत्तर मिळून सुमारे १,००० शक्यता निर्माण होतात, आणि ४० खेळ्यांच्या डावाचा हिशेब करू गेल्यास ती संख्या एकावर १२० शून्ये देऊन लिहावी लागते. दृश्य विश्वातील अणूंची संख्या एकावर सुमारे ८० शून्ये देऊन लिहितात, हे ध्यानी घेतले म्हणजे हा पूर्ण हिशेब कोणतेही यंत्र कधीही मांडू शकणार नाही हे उघड होते.

मग करावयाचे काय? शॅननने सांगितलेला उपाय असा की काही खेळ्या पुढपर्यंतच पाहावे, आणि तेथे जी स्थिती येईल तिची किंमत अंकांत ठरवावी. प्याद्याला १ गुण, घोडा व उंट यांना प्रत्येकी ३, हत्तीला ५, वजिराला ९. त्यांत राजाची सुरक्षितता, मोहऱ्यांना मिळणारी मोकळीक, प्याद्यांची मांडणी यांबद्दल कमीअधिक गुण जोडावे. आणि प्रतिपक्ष आपले जास्तीत जास्त नुकसान करणारेच उत्तर देईल असे गृहीत धरून ज्या खेळीने शेवटी आपली शिल्लक सर्वांत मोठी राहील ती खेळी करावी. यातही दोन मार्ग संभवतात हे शॅननने तेव्हाच ओळखले होते. प्रत्येक शक्य खेळी तपासत जाणे हा एक मार्ग, आणि उत्तम खेळाडूप्रमाणे मोजक्या आशादायक खेळ्याच निवडून त्यांचा खोलवर विचार करणे हा दुसरा. दुसरा मार्ग अधिक बुद्धिमान दिसतो, आणि प्रारंभीच्या काळात अनेक विद्वानांचा ओढा तिकडेच होता. माजी जगज्जेता मिखाइल बोत्विनिक हा स्वतः विद्युत्-अभियंता. त्याने आयुष्यातील कित्येक वर्षे अस्सल गुरूप्रमाणे विचार करणारी आज्ञावली तयार करण्यात घालविली, परंतु ती कधी पूर्णत्वास गेली नाही. जो मनुष्य स्वतः जगातील सर्वोत्तम खेळ्या निवडीत होता, त्यालाही आपण त्या कशा निवडतो हे यंत्राला समजेल अशा रीतीने लिहून देता आले नाही, ही गोष्ट मला या साऱ्या इतिहासात अतिशय अर्थपूर्ण वाटते.

यश आले ते पहिल्या मार्गाला, आणि ते येण्याला एक गणिती युक्ती कारणीभूत झाली. एखादी खेळी केल्यास प्रतिपक्ष आपला वजीर फुकट मारतो एवढे एकदा निष्पन्न झाले, की त्या खेळीला त्याची आणखी कोणती उत्तरे आहेत हे पाहण्याचे प्रयोजनच उरत नाही. ती शाखा तेथेच छाटून टाकता येते. ‘अल्फा-बीटा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या छाटणीमुळे, खेळ्या तपासण्याचा क्रम उत्तम असेल तर, तेवढ्याच वेळात जवळजवळ दुप्पट खोलीपर्यंत पाहता येते, आणि निर्णयाच्या अचूकतेत तिळमात्र उणेपणा येत नाही. तथापि एक दोष राहतोच. यंत्राची दृष्टी जेथे संपते त्याच्या एकच खेळी पुढे एखादा अनर्थ वाढून ठेवलेला असला तर त्याला त्याची वार्ताही नसते; आणि तो अनर्थ दृष्टीच्या टप्प्यात आला तरी ते मध्येच एखादे प्यादे देऊन, निरर्थक शह देऊन, त्याला आपल्या क्षितिजापलीकडे ढकलते आणि संकट टळले असे समजते. जुनी यंत्रे हास्यास्पद वाटणाऱ्या चुका करीत त्या बहुधा या क्षितिजदोषामुळे.

मनुष्य कसा खेळतो, याचाही अभ्यास त्याच काळात झाला होता. अद्रियान दे ग्रूट या डच मानसशास्त्रज्ञाने आलेखिन, ऑयवे, केरेस अशा श्रेष्ठ खेळाडूंसमोर डावातील स्थिती मांडून त्यांना आपला विचार मोठ्याने बोलून दाखविण्यास सांगितले. १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रबंधाचा निष्कर्ष पुष्कळांना अनपेक्षित वाटेल असा आहे: श्रेष्ठ खेळाडू मध्यम खेळाडूपेक्षा फार अधिक खेळ्या तपासतो असे नाही, तो प्रथमदर्शनीच योग्य खेळ्यांकडे पाहतो. डावातील एखादी स्थिती काही सेकंद दाखवून पट झाकला तरी तो ती जवळजवळ बिनचूक मांडून दाखवितो. १९७३ साली चेस आणि सायमन या दोघांनी यात आणखी भर घातली. मोहरी अर्थशून्य रीतीने विखरून ठेवली असता उस्तादाचे हे स्मरणसामर्थ्य नाहीसे होते आणि तो नवख्याच्या पंगतीला येऊन बसतो, असे त्यांनी दाखविले. म्हणजे त्याचे सामर्थ्य स्मरणशक्तीत नसून अनुभवाने ओळखीच्या झालेल्या आकृतिबंधांत असते. एकीकडे काहीही न ओळखता सर्व काही मोजणारे यंत्र आणि दुसरीकडे थोडेच मोजून पुष्कळ ओळखणारा मनुष्य, असे हे दोन पक्ष होते. त्यांची कार्यपद्धतीच इतकी भिन्न होती की एकाच पटावर बसले म्हणून ते एकच काम करीत होते असे म्हणणे धारिष्ट्याचे ठरेल.

या दोन पक्षांमधील पहिला गाजलेला करार म्हणजे डेव्हिड लेव्ही याची पैज. १९६८ साली स्कॉटलंडचा विजेता असलेल्या या तरुण खेळाडूने जॉन मॅकार्थी आणि डोनाल्ड मिकी या दोन नामांकित संगणकशास्त्रज्ञांशी अशी शर्त लावली की येत्या दहा वर्षांच्या मुदतीत कोणतेही यंत्र आपल्याला सामन्यात हरवू शकणार नाही. पैजेची रक्कम पुढे आणखी प्रतिपक्षी सामील होऊन १,२५० पौंडांपर्यंत वाढली. मुदत संपता संपता, १९७८ साली, टोरोंटो येथे लेव्ही नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील ‘चेस ४.७’ या आज्ञावलीसमोर बसला आणि साडेतीन विरुद्ध दीड गुणांनी सामना जिंकून त्याने पैज वसूल केली. त्याची नीती विचार करण्यासारखी आहे: काहीही धाडस करावयाचे नाही, डाव बंदिस्त ठेवावयाचा, आणि दूरदृष्टीच्या अभावी यंत्र आपणहून आपली मांडणी बिघडवून घेईपर्यंत धीराने वाट पाहावयाची. ज्या एका डावात त्याने ही नीती सोडून यंत्राशी हातघाईची लढाई केली तो डाव तो हरला. आंतरराष्ट्रीय मास्टर दर्जाच्या खेळाडूने स्पर्धेच्या नियमांनुसार यंत्रापुढे गमावलेला तो पहिला डाव. पुढे १९८९ साली याच लेव्हीला ‘डीप थॉट’ या यंत्राने चारही डावांत हरविले. मधल्या ११ वर्षांत हिशेबाचा वेग किती वाढला असेल याची कल्पना यावरून यावी.

‘डीप थॉट’चा निर्माता फेंग-श्युंग श्यू हा तैवानमध्ये जन्मलेला, पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातील विद्यार्थी. बुद्धिबळातील शक्य खेळ्या शोधण्याचे काम सर्वसाधारण संगणकाकडून करवून घेण्याऐवजी, तेवढे एकच काम करणारी सिलिकॉनची चकतीच स्वतः रेखाटावी ही त्याची कल्पना. त्याच्या सहकाऱ्यांत मरे कॅम्पबेल याच्यासह भारतीय वंशाचे टॉमस अनंतरामन हेही होते, आणि प्रारंभीच्या यंत्रांच्या आज्ञावलीत त्यांचा मोठा वाटा होता. १९८८ साली त्यांच्या यंत्राने बेंट लार्सन या ग्रँडमास्टरला स्पर्धेत हरविले. १९८९ साली मात्र कास्पारोव्हने न्यूयॉर्कमध्ये दोन्ही डाव सहज जिंकून या तरुणांना परत अभ्यासाला पाठविले. त्यानंतर आयबीएमच्या आश्रयाखाली सात वर्षे काम चालू राहिले. १९९६ च्या फेब्रुवारीत फिलाडेल्फिया येथे ‘डीप ब्लू’ने पहिलाच डाव जिंकला, आणि विद्यमान जगज्जेता प्रमाणित वेळेच्या डावात यंत्रापुढे प्रथमच हरला, परंतु पुढील पाच डावांत कास्पारोव्हने तीन विजय व दोन बरोबरी साधून सामना चार विरुद्ध दोन गुणांनी आपल्याकडे राखला.

पुढील वर्षी जे यंत्र न्यूयॉर्कमध्ये आणण्यात आले त्याचा वेग सुमारे दुप्पट झाला होता. त्याच्या कपाटांत बुद्धिबळासाठीच घडविलेल्या ४८० चकत्या होत्या आणि सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती ते तपासू शकत असे. तथापि केवळ वेगावर बोट ठेवणे अन्यायाचे होईल. वर्षभर जोएल बेंजामिन या ग्रँडमास्टरने त्या यंत्राशी असंख्य डाव खेळून त्याच्या मूल्यमापनातील खोट शोधली होती. आणखीही ग्रँडमास्टर प्रारंभीच्या खेळ्यांच्या संग्रहासाठी नेमले होते. आणि दोन डावांच्या मधल्या वेळात यंत्राच्या आज्ञावलीत दुरुस्ती करण्याची मुभा कराराने दिलेली होती. उलट कास्पारोव्हला या नव्या यंत्राचे पूर्वीचे डाव अभ्यासासाठी मिळाले नाहीत. कोणताही जगज्जेता प्रतिपक्षाचा एकही डाव न पाहता पटावर बसत नाही, कास्पारोव्ह बसला. ही तक्रार मी त्याच्या वतीने मुद्दाम नोंदवितो, कारण पराजयानंतर त्याच्या वर्तनावर जितकी टीका झाली तितकी या विषम तजविजीवर झाली नाही.

३ मे रोजी पहिला डाव कास्पारोव्हने जिंकला. त्या डावाच्या शेवटी, हार निश्चित झालेली असताना, यंत्राने आपला हत्ती एका अनाकलनीय घरी नेऊन ठेवला. कास्पारोव्ह आणि त्याचे सहायक रात्री विचार करीत बसले, आणि यंत्राने पुष्कळ पुढची मात पाहिली असल्यामुळेच इतर खेळ्या टाळल्या असाव्यात अशा निष्कर्षाला आले. वस्तुस्थिती वेगळी होती. ती खेळी आज्ञावलीतील एका दोषामुळे घडलेली होती, हे तिच्या कर्त्यांनीच मागाहून सांगितले; दोष ध्यानी येताच त्यांनी तो दुरुस्तही केला. ज्या चुकीवरून यंत्राची दुर्बलता ओळखावयाची, त्या चुकीवरूनच जगज्जेत्याने त्याच्या अगाध दूरदृष्टीचा तर्क बांधला.

दुसऱ्या दिवसाचा डाव हा या सामन्याचा गाभा होय, आणि म्हणून तेथे थोडे थांबले पाहिजे. स्पॅनिश प्रारंभाच्या या डावात पांढरी मोहरी यंत्राकडे होती आणि काळ्याची बाजू हळूहळू आवळली जात होती. ३६ व्या खेळीला वजीर पुढे घुसवून प्यादी मिळविण्याची संधी यंत्रासमोर होती. पूर्वीची सर्व यंत्रे अशा प्रसंगी प्याद्यांवर तुटून पडत, आणि कास्पारोव्हने त्या मोबदल्यात प्रतिहल्ल्याची तयारी करून ठेवली होती. ‘डीप ब्लू’ने तो मोह टाळला, प्रथम प्याद्यांची अदलाबदल केली आणि पुढच्या खेळीला उंट मध्यभागी आणून काळ्याची ती अखेरची वाट बंद केली. यंत्राकडून अशी स्थितप्रज्ञ खेळी झालेली कोणी पाहिली नव्हती. कास्पारोव्हचा धीर तेथे सुटला. ४५ व्या खेळीनंतर त्याने हार मान्य केली. आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या सहायकांनी त्याला जे सांगितले ते हार मानण्याहूनही कठीण होते. शेवटच्या खेळ्यांत यंत्राची चूक झालेली होती, आणि वजीर योग्य घरी नेऊन सतत शह देत राहिले असता डाव बरोबरीत सोडविता आला असता, असे विश्लेषकांना रातोरात आढळून आले होते. आपल्या आयुष्यात असे अकाली शरण जाणे कास्पारोव्हला ठाऊक नव्हते. यंत्राने ही बरोबरी ठेवली असेल हे त्याला संभवनीयच वाटले नाही, आणि म्हणून त्याने ती शोधलीही नाही.

यानंतर संशयाने त्याचा ताबा घेतला. फुटबॉलपटू मारादोनाच्या ‘ईश्वरी हाता’चे नाव घेऊन त्याने पडद्याआड मनुष्याचा हात असल्याचे सूचित केले आणि यंत्राच्या अंतर्गत नोंदी मागितल्या. त्या तेव्हा मिळाल्या नाहीत. कंपनीने त्या मागाहून प्रसिद्ध केल्या. मनुष्याचा हात असल्याचा कोणताही पुरावा पुढे आला नाही. तिसरा, चौथा व पाचवा डाव बरोबरीत सुटले. सहाव्या डावात कास्पारोव्हने कारो-कान बचाव स्वीकारला आणि सातव्या खेळीला कडेचे प्यादे पुढे केले, ज्याच्या उत्तरी पांढऱ्याने घोड्याचा बळी दिला असता काळ्याची मांडणी उद्ध्वस्त होते हे जाणकारांना माहीत होते. हिशेबी यंत्र घोड्याचा बळी देणार नाही असा त्याचा अदमास होता. परंतु ती खेळी यंत्राला हिशेब करून शोधावयाचीच नव्हती. त्याच्या प्रारंभ-संग्रहात ती मनुष्यांनी आधीच लिहून ठेवली होती. तासाभरात डाव संपला. सात लाख डॉलरचे पारितोषिक विजेत्या पक्षाकडे गेले, चार लाख कास्पारोव्हला मिळाले. कास्पारोव्हने मागितलेला परतीचा सामना झाला नाही, आणि ‘डीप ब्लू’ पुन्हा कधीही खेळले नाही. त्याचे एक कपाट आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे आणि दुसरे कॅलिफोर्नियातील संगणक-इतिहासाच्या संग्रहालयात.

हा सारा दस्तऐवज समोर ठेवून मी म्हणतो की १९९७ साली एकट्या मनुष्याचा पराभव झाला तो अनेक मनुष्यांकडून झाला. शॅननचे गणित, श्यूचे रेखांकन, कॅम्पबेल व त्याचा सहकारी होन यांची आज्ञावली, बेंजामिनचे बुद्धिबळ, आणि अर्ध्या शतकातील कित्येक अनामिक संशोधकांनी खोडून पुन्हा लिहिलेले सहस्रावधी तपशील या सर्वांचे संचित पटाच्या एका बाजूला होते. दुसऱ्या बाजूला एकच मेंदू होता, जो थकत होता, चिडत होता आणि घाबरत होता. यंत्र घाबरले नाही ही त्याची थोरवी नव्हे, घाबरण्याची सोयच त्यात नव्हती. मानवी बुद्धीची ही मानहानी मानण्याऐवजी तिच्या एका अंगाने, म्हणजे चिकाटीने रचलेल्या सामुदायिक ज्ञानाने, दुसऱ्या अंगावर मिळविलेला विजय मानणे अधिक सत्याला धरून होईल.

त्यानंतरची वर्षे थोडक्यात सांगता येतात. २००२ साली बहारीनमध्ये जगज्जेता क्रामनिक आणि ‘डीप फ्रिट्झ’ ही आज्ञावली यांचा सामना चार-चार असा बरोबरीत सुटला. २००३ साली कास्पारोव्हनेही दोन यंत्रांशी बरोबरी साधली. २००५ साली ‘हायड्रा’ या यंत्राने इंग्लंडच्या मायकेल अॅडम्सला सहा डावांत केवळ अर्धा गुण घेऊ दिला, आणि २००६ च्या अखेरीस बॉन येथे जगज्जेता क्रामनिक ‘डीप फ्रिट्झ’कडून चार विरुद्ध दोन गुणांनी हरला. त्या सामन्यातील दुसऱ्या डावात समोर उभी असलेली एका खेळीतील मात क्रामनिकला दिसली नाही. डाव त्याच्या हाती बरोबरीचा होता, तो शांतपणे उठला, आणि यंत्राच्या वतीने बसलेल्या माणसाने वजीर राजाशेजारी ठेवला. ते यंत्र सेकंदाला केवळ ८० लाख स्थिती तपासत होते, म्हणजे ‘डीप ब्लू’च्या जेमतेम पंचविसाव्या हिश्श्याइतक्या, आणि तरीही ते अधिक बलवान होते, कारण कोणत्या शाखा सोडून द्याव्यात हे आज्ञावली लिहिणाऱ्यांना आता पुष्कळ अधिक कळू लागले होते.

बोत्विनिकला जे लिहून देता आले नाही ते यंत्राने स्वतःच शिकण्याचा प्रयोग २०१७ च्या डिसेंबरात जाहीर झाला. ‘अल्फाझीरो’ या आज्ञावलीला केवळ खेळाचे नियम सांगण्यात आले. मनुष्याचा एकही डाव दाखविण्यात आला नाही, मोहऱ्यांच्या किमतीही सांगण्यात आल्या नाहीत. ती स्वतःशीच कोट्यवधी डाव खेळली, आणि प्रत्येक निकालावरून कोणत्या स्थितीत कोणती खेळी विचारात घेण्याजोगी आहे याचा अंदाज सुधारीत गेली. मग ‘स्टॉकफिश’ या तत्कालीन बलाढ्य आज्ञावलीशी झालेल्या १०० डावांत तिने २८ जिंकले, ७२ बरोबरीत सोडविले आणि एकही गमावला नाही. ‘स्टॉकफिश’ सेकंदाला सुमारे ७ कोटी स्थिती पाहत होती, ‘अल्फाझीरो’ सुमारे ८० हजार. त्या सामन्याच्या अटींविषयी जाणकारांनी घेतलेले आक्षेप रास्त होते. परंतु थोडे मोजून पुष्कळ ओळखण्याची जी पद्धत दे ग्रूटला उस्तादांमध्ये आढळली होती, तिची एक निराळी आवृत्ती यंत्रात उतरली हे त्या आक्षेपांनी खोटे ठरत नाही. तिचे डाव पाहून ग्रँडमास्टरांनी राजाच्या बाजूचे कडेचे प्यादे धीटपणे पुढे रेटण्यास प्रारंभ केला. यंत्राकडून मनुष्याने शैली शिकावी, असा हा प्रसंग होता.

खेळ संपला का? १९९७ नंतर अशी भीती अनेकांनी व्यक्त केली होती. त्याच वर्षी आपल्या मुंबईचे प्रवीण ठिपसे ग्रँडमास्टर झाले, आणि तेव्हा हा किताब मिळविणारे भारतीय ते केवळ तिसरे होते. आज भारतातील ग्रँडमास्टरांची संख्या ऐंशीच्या वर गेली आहे. विश्वनाथन आनंद याने संगणकाला वैरी न मानता सहायक मानले. यंत्राची मसलत घेऊन खेळण्याच्या लेओन येथील सामन्यात १९९९ साली त्याने कार्पोव्हला पाच विरुद्ध एक असे हरविले, आणि पुढे तो निर्विवाद जगज्जेता झाला. २०२५ साली बातुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकणारी नागपूरची दिव्या देशमुख ज्या पिढीची, त्या पिढीने मनुष्याहून बलवान यंत्र नसलेले बुद्धिबळ पाहिलेलेच नाही. पूर्वी उत्तम गुरू मिळण्यासाठी मॉस्को वा लंडन गाठावे लागे. आज तो आर्वी किंवा सावंतवाडीच्या मुलाच्या हातातील दूरध्वनीत वास करतो. नुकसानही झाले आहे. स्पर्धेत चोरून यंत्राची मदत घेण्याचा अपराध निर्माण झाला, आणि त्याच्या बंदोबस्तासाठी खेळाडूंची झडती घ्यावी लागते. याहून मोठे नुकसान मला वाटते ते असे की, पटाकडे पाहण्यापूर्वीच यंत्राने दिलेला आकडा पाहण्याची सवय आपल्या मुलांना जडत चालली आहे.

म्हणून ज्यांच्या घरी पट आहे त्यांना एक विनंती करतो. कास्पारोव्हच्या त्या दुसऱ्या डावाची अंतिम स्थिती मांडा. पांढरा राजा एफ१, वजीर सी६, हत्ती ए६, उंट ई४, आणि प्यादी बी४, सी३, डी५, एफ५, जी२, एच३. काळा राजा एफ७, वजीर बी६, हत्ती बी८, उंट डी६, आणि प्यादी बी५, सी४, ई५, एफ६, जी७, एच६. मोहरी दोन्ही बाजूंना सारखीच आहेत आणि खेळी काळ्याची आहे. कास्पारोव्हने येथे हार मानली. तुम्ही मानू नका. काळा वजीर ई३ या घरी नेऊन पुढे काय होते ते मुलांना जवळ बसवून तासभर शोधा, आणि तोपर्यंत यंत्र बंद ठेवा.